झील धरणाऱ्यांची संध्याकाळ

पाचवीत असताना समूहगीताच्या तालमीत मला कुणीतरी बाजूला घेऊन सांगितलं होतं, "तू नुसते ओठ हलव." रांगेत उभी राहा, पण आवाज काढू नकोस. त्यानंतर जवळजवळ चाळीस वर्षं मी चारचौघांत गायले नाही. चतुर्थीला सगळं घर आरती म्हणत असायचं तेव्हा मी निरांजन सांभाळायची, कापूर पेटवायची. हाताला काही काम असलं की तोंड बंद ठेवलेलं कुणाच्या लक्षात येत नाही.

आता दर गुरुवारी संध्याकाळी साडेसातला, फोंड्याजवळच्या आमच्या वाड्यावर, एका काकूंच्या घराच्या वसरीत आम्ही वीसएक माणसं जमतो आणि दीड तास गातो. एक अभंग, एखादं नाट्यपद, दोन कोकणी गाणी, मग जुनी सिनेमातली. शेजारचं ख्रिस्ती जोडपं येतं, त्यांच्यामुळे अधूनमधून मांडो, म्हणजे गोव्यातल्या ख्रिस्ती घरांतलं संथ कोकणी गाणं, तेही होतं. गाणं शिकलेली माणसं आमच्यात तीन-चार असतील. बाकी सगळे माझ्यासारखे. तरी परत जाताना प्रत्येकाचा चेहरा उजळलेला असतो, आणि मला तर रात्री झोपही चांगली लागते. असं का होतं, हे समजून घ्यायला मी गेल्या दोन वर्षांत बरंच वाचलं. त्यातलं जे पटलं आणि वसरीत बसून जे पडताळून पाहता आलं, ते इथे सांगते.

आधी गोव्याबद्दल थोडं. गाण्याचं नाव काढलं की आपल्याकडे मान आपोआप ताठ होते. केरीच्या केसरबाई, कुर्डीच्या मोगूबाई, मंगेशीचे दीनानाथ. 1977 मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर जगभरच्या आवाजांची जी तबकडी अवकाशात गेली, तिच्यावर केसरबाईंचा आवाज आहे. हा अभिमान रास्तच आहे. पण त्याची एक दुसरी बाजूही मी पाहिली आहे. एवढी मोठी माणसं ज्या मातीत झाली तिथे साधा माणूस तोंड उघडायला कचरतो. गाणं म्हणजे तयारी, घराणं, रियाज. आपण ऐकायचं, असा समज होतो. आणि त्याच गावात, त्याच माणसाच्या देवळात, भजनाला वीसजण टाळ घेऊन बसतात तेव्हा कुणी कुणाचा आवाज तपासत नाही. गाण्याच्या या दोन परंपरा वेगळ्या आहेत. पहिलीत एकजण गातो आणि बाकीचे ऐकतात. दुसरीत ऐकणारा कुणी नसतोच.

त्या दुसऱ्या परंपरेत आपल्याकडे एक सुंदर शब्द आहे, झील. मुख्य गाणारा ओळ म्हणतो, मागचे ती उचलून धरतात. ते झीलकरी. झील धरणाऱ्याला गाणं पाठ असायची गरज नाही, कारण ओळ आत्ताच त्याच्या कानांवर पडलेली असते. सुरुवात कुठून करायची याची काळजी नाही, सूर कोणता याची नाही, लय कोणती याचीही नाही. सगळं तयार हातात मिळतं. न गाणाऱ्या माणसाला गाण्यात आणायची याहून सोपी वाट मला माहीत नाही.

मग बेसूर माणसाचं काय होतं? मला हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून इथे जरा थांबते.

वीस माणसं एकाच वेळी एकच सूर लावतात तेव्हा खरं तर वीस वेगवेगळे सूर लागत असतात. कुणी केसभर वर, कुणी केसभर खाली, कुणी क्षणभर आधी, कुणी नंतर. कान हे वीस सूर वेगळे ऐकत नाही. त्यांचा मिळून एक रुंद, भरदार सूर ऐकतो, आणि तो साधारण मधोमध पडतो. म्हणजे वरच्यांची चूक आणि खालच्यांची चूक एकमेकींना सावरून घेतात. एकट्याचा आवाज पातळ वाटतो आणि समूहाचा जाड, मऊ वाटतो, त्याचं कारण हेच. सगळे आवाज तंतोतंत एकसारखे असते तर समूहगानाचा तो भरलेपणा आलाच नसता. थोडं चुकणं ही त्या आवाजाची गरज आहे.

दुसरी गोष्ट आवाजाच्या मोठेपणाची. एकसारख्या जोराने गाणारी माणसं दुप्पट झाली की ध्वनीची पातळी 3 डेसिबलने वाढते. दहापट झाली तर 10 डेसिबलने, आणि तेवढी वाढ कानाला साधारण दुप्पट मोठी वाटते. आमच्या वीसजणांत मी एकटी एका बाजूला आणि एकोणीसजण दुसऱ्या बाजूला धरले, तर त्यांचा आवाज माझ्यापेक्षा साधारण 13 डेसिबलने वरचढ पडतो. माझा चुकलेला सूर समोर बसलेल्या माणसाच्या कानापर्यंत वेगळा पोचतच नाही. मला मात्र तो ऐकू येतो, कारण स्वतःचा आवाज आपल्याला हवेतून तसा कवटीच्या हाडांतूनही मिळतो. हे कळलं त्या दिवशी मला फार हलकं वाटलं. चाळीस वर्षं ज्याची लाज वाटत होती, ते बहुतांशी मला एकटीलाच ऐकू येणार होतं.

आणि जन्मतः सूरच न ओळखता येणारी माणसं? असतात, पण थोडी. वेगवेगळ्या अभ्यासांत हे प्रमाण दीड ते चार टक्क्यांच्या आसपास निघालं आहे. स्वतःला बेसूर म्हणवणारे बहुतेक लोक सूर नीट ऐकतात. गळ्याला तो पकडायची सवय नसते, एवढंच. सवय लागायला सोबतचा आवाज लागतो. मी दोन बऱ्या गाणाऱ्या मावश्यांच्या मधे बसते. सहा महिन्यांत माझा सूर पुष्कळ जागेवर आला. शिकवलं कुणीच नाही.

एक सावधगिरी सांगायला हवी. चुका वर-खाली विखुरलेल्या असतात तेव्हाच त्या एकमेकींना सावरतात. सगळे मिळून खाली घसरू लागले तर सावरणारं कुणी उरत नाही. साथीशिवाय गाणारा समूह कडव्याकडव्याला उतरत जातो. म्हणून पेटी हवीच. ती घसरत नाही.

पेटीवरून पट्टीचा, म्हणजे गाण्याचा सा पेटीच्या कुठल्या काळ्या-पांढऱ्या कळीवर धरायचा याचा, विषय निघतो. बहुतेक घरगुती मैफलींचा विचका इथेच होतो. पुरुषांना सहसा काळी एक, काळी दोन सोयीची, बायकांना काळी चार, काळी पाच. दोघं एकत्र बसले की कुणाच्या तरी पट्टीत गायचं ठरतं, आणि उरलेले अर्धे अंतऱ्याला गप्प होतात. त्यांना वाटतं, आपल्याला गाता येत नाही. खरं तर पट्टी चुकलेली असते. आम्ही पांढरी तीन किंवा पांढरी चार धरतो. ज्याला वर जमत नाही तो एक सप्तक खाली जातो. सांगावंही लागत नाही, बहुतेकांचं आपोआप होतं. पांढरी तीनचा सा सेकंदाला साधारण 165 आंदोलनांचा, त्याच्या वरचा बरोबर दुप्पट, म्हणजे 330. या एकास दोन प्रमाणामुळे दोन्ही सूर एकमेकांत इतके बेमालूम मिसळतात की आपण दोघांनाही सा म्हणतो. आजोबा आणि नात एकाच वेळी एकच गाणं म्हणू शकतात, ते याच्याच जोरावर.

मांडो मात्र वेगळ्या तऱ्हेने बांधलेला असतो. तिथे एक आवाज मुख्य चाल धरतो आणि दुसरा थोड्या अंतरावरून तिच्यासोबत चालतो. आमच्या कानांना हे सुरुवातीला अवघड गेलं, कारण अभंगाची सवय म्हणजे सगळ्यांनी एकाच चालीवर जायचं. शेजारच्या भाऊंनी सांगितलं, "माझ्याकडे बघू नका, स्वतःची वाट सोडू नका." चार गुरुवार लागले. दोन चाली पहिल्यांदा नीट जुळल्या तेव्हा वसरीत सगळे एकदम थांबले आणि एकमेकांकडे बघत राहिले.

आता श्वासाकडे येऊ. आनंदाचं मूळ मला तिथे सापडलं.

एरवी स्वस्थ बसलेलं प्रौढ माणूस मिनिटाला बारा ते वीस श्वास घेतं. गाताना तसं चालत नाही. ओळ संपेपर्यंत श्वास पुरवावा लागतो. चटकन आत, आणि मग हळूहळू, मोजून, बाहेर. संथ अभंगाची एक ओळ दहा सेकंदांची धरली तर मिनिटाला सहाच श्वास होतात. श्वास आत घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात आणि सोडताना कमी होतात. मनगटावर बोटं ठेवून, श्वास लांबवून पाहा, तुम्हालाही जाणवेल. म्हणजे सगळे एका ओळीवर, एका वेळी श्वास घेत असतील तर सगळ्यांची हृदयंही त्या ओळीबरोबर थोडी वर, थोडी खाली जाणार. स्वीडनमधल्या गोथेनबर्ग इथल्या संशोधकांनी अठरा वर्षांच्या मुलामुलींना एकत्र गायला लावून नेमकं हेच मोजलं. 2013 मध्ये ते प्रसिद्ध झालं. गाण्याच्या बांधणीप्रमाणे गाणाऱ्यांच्या ठोक्यांची चढउतार जुळत गेलेली दिसली. 'मनं जुळली' असं आपण म्हणतो, त्याच्या खाली शरीरातली ही साधी गोष्ट आहे.

याआधीचा एक अभ्यास मला फार आवडतो, कारण तो गोव्यासाठीच केल्यासारखा वाटतो. इटलीतल्या पाविया इथल्या डॉक्टरांनी 2001 मध्ये तो प्रसिद्ध केला. त्यांनी काही लोकांना लॅटिनमधून रोझरीची प्रार्थना म्हणायला सांगितली आणि मंत्रही म्हणायला सांगितला. दोन्ही वेळा श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आला, आणि हृदयाचा, रक्तदाबाचा ताल त्याच्याशी जुळला. आमच्या वाड्यावर संध्याकाळी खुरसाजवळ, म्हणजे क्रुसाजवळ, लदिन ही ख्रिस्ती प्रार्थना चालू असते आणि वरच्या अंगाला देवळात भजन. दोन्हीकडच्या माणसांची छाती एकाच संथ गतीने हलत असते.

लांब ओळीत श्वास संपला तर? भजनाला बसणारे हे जाणतात, फक्त कुणी मोठ्याने सांगत नाही. शेजारी गात असतो तेव्हा आपण गुपचूप श्वास घ्यायचा. तो घेईल तेव्हा आपण गात असू. सूर तुटत नाही. वास्कोला श्रावणात दामोदराचा भजनी सप्ताह होतो. त्यात चोवीस तास भजन अखंड चालतं, एक भजनी मंडळी उठते तोवर दुसरी बसलेली असते. माणसं बदलतात, गाणं थांबत नाही. आपल्या वीसजणांच्या एका ओळीत जे दोन सेकंदांत घडतं, तेच तिथे रात्रभर मोठ्या प्रमाणावर चालतं. एकट्याच्या छातीत मावणार नाही इतकी लांब ओळ सगळे मिळून सहज ओढून नेतात.

वेदना विसरायला होतात, असंही पुष्कळजण सांगतात. आमच्यातल्या एका मावशींचे गुडघे एरवी त्यांना दहा मिनिटं बसू देत नाहीत, इथे दीड तास बसतात. मेंदूत तयार होणारी एंडॉर्फिन नावाची द्रव्यं वेदना बोथट करतात आणि मनाला उभारी देतात. ती थेट मोजणं अवघड, म्हणून संशोधक आडवाटेने जातात. रक्तदाब मोजायचा पट्टा दंडाला बांधून फुगवायचा आणि माणूस किती दाब सहन करतो ते बघायचं. लंडनमध्ये एकत्र गाणाऱ्यांवर असा अभ्यास झाला, तो 2016 मध्ये आला. गाण्यानंतर सहनशक्ती वाढलेली दिसली, छोट्या गटात आणि दोनशेहून अधिक जणांच्या मोठ्या गटातही. जवळीक वाढवणारं द्रव्य म्हणून ऑक्सिटोसिनचं नाव मात्र हल्ली सगळीकडे फिरतं, त्याबद्दल जपून बोलावं. काही अभ्यासांत गाण्यानंतर ते वाढलं, एकात तर समूहात गाऊन ते कमी झालं. गाण्याने अमुक रोग बरा होतो असं कुणी छातीठोकपणे सांगितलं तर माझा त्यावर विश्वास नाही. गाण्याचं मोल पटवायला तसल्या दाव्यांची गरजही नाही.

'दर आठवड्याला' याचं महत्त्व मला एका इंग्लंडमधल्या अभ्यासाने पटवलं. प्रौढांचे साप्ताहिक वर्ग सात महिने चालले, काही गाण्याचे, काही हस्तकलेचे, काही लेखनाचे. पहिल्या काही आठवड्यांत गाण्याच्या वर्गातली अनोळखी माणसं फार लवकर जवळ आली. सात महिन्यांनंतर मात्र सगळ्याच वर्गांतली माणसं एकमेकांच्या सारखीच जवळ होती. म्हणजे जवळीक घडते ती नियमाने भेटल्याने. गाणं फक्त पहिला संकोच चटकन मोडतं. आपल्या देवळांना हे ठाऊक होतंच. मंगेशीची पालखी दर सोमवारची, कित्येक देवळांची भजनं ठरलेल्या वाराची. वार ठरला की आमंत्रण लागत नाही. कोण आलं नाही हे लगेच कळतं, आणि कुणीतरी त्याच्या दारात डोकावतं.

आमच्याकडे एक आबा येतात. दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. समजतं सगळं, पण बोलायला गेलं तर "हां" आणि आणखी एक शब्द, एवढंच येतं. मुलगा त्यांना खुर्चीत बसवून आणतो. पहिले काही गुरुवार ते नुसते ऐकत होते. मग एकदा एका अभंगाचं ध्रुवपद तिसऱ्यांदा फिरलं आणि माझ्या डाव्या बाजूने एक खरखरीत, नवखा आवाज आला. आबा डावा हात गुडघ्यावर आपटत होते आणि शब्द म्हणत होते. अख्खी ओळ, शब्दन्‌शब्द. त्यांच्या बायकोने गाणं थांबवलं, पदर तोंडावर धरला आणि नुसतं ऐकत राहिली. बाकी कुणीही थांबलं नाही. पेटीवाल्याने हुशारीने तेच ध्रुवपद आणखी चारदा फिरवलं.

यात चमत्कार नाही. बोलण्याचं काम बहुतेकांच्या मेंदूत मुख्यतः डाव्या बाजूला चालतं. झटका तिथे बसला की वाचा जाते आणि शरीराची उजवी बाजू लुळी पडते. पण चाल, ठेका आणि लहानपणापासून तोंडात बसलेले शब्द मेंदूत दोन्हीकडे पसरलेल्या वाटांनी जातात. अमेरिकेतल्या बॉस्टन इथल्या तज्ज्ञांनी 1973 मध्ये याच्यावरून एक उपचारपद्धतीच मांडली. त्यात छोटी वाक्यं सुरात म्हणायची आणि प्रत्येक अक्षराला डाव्या हाताने ठेका द्यायचा. पुढे जर्मनीतल्या अभ्यासात दिसलं की सुराइतकाच, कदाचित जास्तच, ठेक्याचा आणि शब्द ओळखीचे असण्याचा हातभार लागतो. अभंगात दोन्ही भरपूर. याचा अर्थ गाऊन वाचा परत येते असा नाही. त्यासाठी वाचोपचाराचं शिकलेलं माणूस हवं, आणि आबांचे ते उपचार चालू आहेत. पण आठवड्यातून दीड तास त्यांच्या तोंडून पूर्ण वाक्यं निघतात. वाड्यावरच्या सगळ्यांना ती ऐकायला मिळतात.

तुमच्याकडे असं काही सुरू करायचं असेल तर दोन-तीन गोष्टी आवर्जून सांगेन. माइक लावू नका. माइक आला की एकाचा आवाज मोठा होतो, बाकीचे श्रोते होतात आणि झील मरते. गोल करून, गुडघ्याला गुडघा लागेल असं बसा. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. वसरीत हे जाणवत नाही, पण 34 मीटर लांबीच्या मंडपात मागच्याला पुढचा ताल सेकंदाच्या दहाव्या भागाने उशिरा मिळतो, आणि टाळ्या हमखास फुटतात. शब्द मोठ्या अक्षरांत कागदावर छापून घ्या. मोबाईलवर प्रत्येकजण मान खाली घालतो, आणि खाली झुकलेल्या गळ्यातून आवाज निघत नाही. नवीन गाणं एका संध्याकाळी एकच.

घुमट असेल तर फारच छान. मातीचं दोन तोंडांचं भांडं, मोठ्या तोंडावर कातडं, छोटं उघडं. एका हाताने वाजवायचं, दुसऱ्या हाताचा तळवा छोट्या तोंडावर उघडझाप करत आवाज घुमवायचा. आरतीलाही तोच, मांडोलाही तोच. पूर्वी त्यावर घोरपडीचं कातडं असायचं. तो प्राणी कायद्याने संरक्षित आहे, त्यामुळे आता बकरीचं कातडं लावतात. 2019 मध्ये सरकारने घुमटाला गोव्याचं वारसा वाद्य म्हणून मान्यता दिली.

पावसाळ्यात मात्र घुमट जपावं लागतं. हवेतल्या दमटपणाने कातडं सैल पडतं. म्हणून आषाढ-श्रावणात आमचा घुमट वाजवणारा मुलगा अर्धा तास आधी येतो आणि थेट काकूंच्या चुलीजवळ जाऊन बसतो. घुमट हातात फिरवत धग देतो, मधेच बोटाने टिचकी मारून कान लावतो. ढप आलं की परत धग. बाहेर छत्र्या मिटल्याचे आवाज येत असतात, आबांची खुर्ची जागेवर लागलेली असते. आतून एकदा स्वच्छ घुमलं की पेटीवाले भाऊ भाता सोडतात आणि विचारतात,

"आज कुठली धरू गे, बाय?"

"पांढरी तीनच धरा," काकू सांगतात. "पावसाने सगळ्यांचे घसे बसलेत."